गोळी न झाडता शौर्य?



गेल्या महिन्यात युवकांच्या सभेत आम्ही एक छोटी चित्रफीत दाखवली. रात्री-अपरात्री माणसाच्या अंगाची उष्णता टिपणाऱ्या लष्करी कॅमेऱ्याने घेतलेली ती चित्रफीत आहे. तिच्यात रंग नाहीत, आवाज नाही. एक माणूस भिंतीलगत निश्चल पडला आहे. दोन धुरकट आकृत्या पोटावर सरपटत त्याच्याकडे जातात. तिसरी आकृती थोडी मागे आहे. मग त्या पडलेल्या माणसाला ओढत मागे आणले जाते. एवढेच.

आम्ही मुलांना सांगितले की, हे तिघे दक्षिण कोरियाचे सैनिक असून या कामगिरीबद्दल त्यांना अमेरिकेच्या लष्कराने पदक दिले. त्यावर मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "पण सर, समोरून एवढ्या गोळ्या आल्या तेव्हा यांनी एकही झाडली नाही ना? मग शौर्य कसले?"

सगळे हसले. आम्हीही हसलो आणि वेळ संपल्याचे सांगून सभा आटोपली. खरे सांगायचे तर उत्तर तयार नव्हते. घरी जाताना तो प्रश्न आमच्याबरोबर आला आणि अजून गेलेला नाही. म्हणून आज या पानावर तो आपल्यासमोर ठेवत आहोत.

प्रथम घटना नीट समजून घेऊ. १३ नोव्हेंबर २०१७ ची दुपार. स्थळ पानमुनजोम. १९५३ साली २७ जुलैला कोरियातील युद्ध शस्त्रसंधीने थांबले. थांबले म्हणायचे, संपले नाही, कारण शांततेचा करार त्यानंतर कधी झालाच नाही. दोन्ही सैन्यांमध्ये चार किलोमीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवला गेला. त्या संपूर्ण पट्ट्यात दोन्हीकडचे सैनिक एकमेकांच्या डोळ्यांत पाहू शकतील एवढे जवळ फक्त एकाच ठिकाणी उभे असतात, ते पानमुनजोमच्या संयुक्त सुरक्षा क्षेत्रात. पूर्वी या क्षेत्रात दोन्ही बाजूंचे सैनिक सगळीकडे फिरू शकत. १९७६ च्या ऑगस्टमध्ये पॉपलरच्या एका झाडाच्या फांद्या छाटण्यावरून तंटा झाला आणि उत्तरेच्या सैनिकांनी दोन अमेरिकी अधिकाऱ्यांना कुऱ्हाडींनी ठार मारले. तेव्हापासून त्या क्षेत्राच्या आतसुद्धा रेषा पाळली जाऊ लागली. एका झाडाच्या फांद्यांवरून!

तर त्या दुपारी तीनच्या पुढे उत्तरेचा एक तरुण सैनिक जीप भरधाव हाकत रेषेच्या दिशेने आला. रेषेच्या थोडे अलीकडे चाक अडकले. तो खाली उतरला आणि दक्षिणेकडे धावत सुटला. मागून त्याचेच सहकारी धावत आले आणि त्यांनी पिस्तुलांनी व रायफलींनी त्याच्यावर सुमारे ४० गोळ्या झाडल्या. पाच तरी त्याला लागल्या. रेषा ओलांडून काही पावले गेल्यावर तो एका बुटक्या भिंतीच्या कडेला, वाळलेल्या पानांत कोसळला. सव्वातीन वाजले होते.

दक्षिणेच्या पहाऱ्याला तो नेमका कुठे पडला आहे हे दिसायला पंधरा-सोळा मिनिटे गेली. पलीकडे उत्तरेचे सशस्त्र सैनिक गोळा होत होते. हा कोण, कशासाठी आला, त्याच्यामागून आणखी काय येणार आहे, हे सांगता येण्यासारखे नव्हते. चार वाजायला थोडा अवकाश असताना त्या पलटणीचे दक्षिण कोरियन कमांडर, जे लेफ्टनंट कर्नल होते, आणि त्यांचे दोन सार्जंट पुढे सरकले. शेवटचे अंतर दोघे सार्जंट सरपटत गेले आणि कमांडर त्यांच्या पाठीशी थांबले. त्यांनी त्याला ओढून आणले. अमेरिकी हेलिकॉप्टर त्याला घेऊन सुवोन शहरातील आजू विद्यापीठाच्या रुग्णालयात गेले आणि वाटेत अमेरिकी सैनिक-वैद्यकाने त्याचा श्वास टिकवला. तेथे डॉ. ली कुक-जोंग यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केल्या. त्याला जवळजवळ १२ लिटर रक्त द्यावे लागले. माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त असते, म्हणजे हिशेब आपणच करावा. उत्तरेतून आलेल्या त्या तरुणाच्या नसांतून आता दक्षिणेतल्या अनोळखी माणसांचे रक्त वाहू लागले. तो जगला.

त्याच महिन्याच्या अखेरीस जनरल व्हिन्सेंट ब्रुक्स यांनी त्या तिघा कोरियन सैनिकांना, आणि त्यांच्याबरोबर मदतीत असलेल्या अमेरिकी सैनिकांना, आर्मी कमेंडेशन मेडल म्हणजे लष्कराचे प्रशस्तिपदक दिले. अमेरिकेच्या पदकांच्या उतरंडीत हे पदक फार वरचे नाही. परक्या देशाने ते का द्यावे, असे कुणाला वाटेल. पानमुनजोमची ती पलटण संयुक्त राष्ट्रांच्या सेनाधिपत्याखाली आहे, तिच्यात कोरियन आणि अमेरिकी सैनिक एकत्र राहतात, आणि त्या सेनाधिपत्याचे प्रमुख त्या वेळी जनरल ब्रुक्स होते. ते कारण सरळ आहे. पण मनात एक गोष्ट राहतेच. गोळ्या झाडणारे कोरियन, गोळ्या खाणारा कोरियन, त्याला ओढून आणणारेही कोरियन. सगळे एकाच भाषेत आईला हाक मारणारे. त्यांच्या छातीवर लागले ते पदक तेवढे परके होते.

आता त्या मुलाचा प्रश्न. तो काही एकट्या त्याचा नाही. दक्षिण कोरियातही तेव्हा हाच प्रश्न विचारला गेला. आपल्या हद्दीत गोळ्या आल्या, एक उत्तरेचा सैनिक काही क्षण रेषा ओलांडून आत आला, तरी आपले सैनिक गप्प का राहिले? राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनीही अशा वेळी निदान इशाऱ्याची गोळी झाडावी असे सामान्य माणसाला वाटेल, या आशयाचे मत मांडले होते. उलट संयुक्त राष्ट्रांच्या सेनाधिपत्याने चौकशी करून सांगितले की पलटणीचे वागणे शस्त्रसंधीला धरून होते आणि त्यामुळे प्रकरण चिघळले नाही. उत्तरेनेच शस्त्रसंधी मोडली होती, गोळ्या रेषेपलीकडे झाडून आणि माणूस रेषेपलीकडे पाठवून.

आपण मोठे झालो ते कोणत्या गोष्टी ऐकून? शूर म्हणजे तलवार उपसणारा. शाळेतल्या धड्यात, शिवजयंतीच्या मिरवणुकीत, सिनेमात, सगळीकडे तो मारतो तेव्हा टाळ्या पडतात. आम्ही त्या टाळ्या वाजवलेल्या आहेत. संयमाला आपण सद्गुण म्हणतो खरे, पण मनात त्याची जागा म्हाताऱ्यांच्या सद्गुणांत असते. अंगात रग उरली नाही की माणूस संयमी होतो, असे आपण धरून चालतो.

संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात याच्या नेमके उलट म्हणून गेले आहेत. आपल्या मोठ्या ग्रंथात धैर्याची चर्चा करताना ते विचारतात की धैर्याचे मुख्य काम कोणते, चालून जाणे की संकटात पाय रोवून राहणे? त्यांचे उत्तर दुसरे आहे, आणि त्याची कारणे अगदी व्यवहारी आहेत. जो चालून जातो त्याला निदान आपण वरचढ आहोत असे वाटत असते. जो टिकून राहतो त्याच्यासमोर बहुधा त्याच्याहून बलवान काही उभे असते. चालून जाणाऱ्याला धोका पुढे कुठेतरी असतो. टिकून राहणाऱ्याला तो आताच अंगावर आलेला असतो. आणि हल्ला क्षणात होऊन जातो, पण टिकून राहायला वेळ लागतो.

हे तिसरे कारण आम्हांला पानमुनजोमच्या संदर्भात फार खरे वाटते. ट्रिगर दाबायला अर्धा सेकंद पुरतो. त्या दिवशी माणूस पडल्यापासून त्याला उचलेपर्यंत सुमारे ४० मिनिटे गेली. त्या प्रत्येक मिनिटाला तेथल्या पहारेकऱ्यांच्या हातात भरलेली शस्त्रे होती, समोर नुकतीच गोळीबार केलेली माणसे होती आणि झाडायला पुरेसे कारणही होते. रग नसलेल्यांचा संयम तो नव्हे.

पण येथे आम्हांला स्वतःलाच अडवले पाहिजे. गोष्ट इतकी सोपी नाही.

त्याच जागी, २३ नोव्हेंबर १९८४ रोजी, उत्तरेकडून सहलीला आलेला वासिली मातुझोक नावाचा एक रशियन तरुण असाच रेषा ओलांडून पळाला. त्याच्या मागे उत्तरेचे अनेक सैनिक गोळ्या झाडत रेषेच्या आत घुसले. त्या वेळी दक्षिणेच्या बाजूने गोळीबार झाला. मातुझोक वाचला. जांग म्योंग-गी हा दक्षिण कोरियाचा सैनिक मरण पावला आणि उत्तरेचे तिघे सैनिक मेले. आता आपण काय म्हणायचे? १९८४ चे सैनिक कमी शूर, की कमी संयमी? तसे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही. मागावरची टोळी आत घुसून धावत्या माणसाला गाठणार असेल तर हात बांधून उभे राहणे हा संयम नव्हे. २०१७ ला पाठलाग करणारे रेषेपाशी थांबले. एकच जण आत आला आणि लगेच मागे वळला. तो वळला नसता तर? मग कदाचित आज पदकाची गोष्ट वेगळी असती, आणि तिच्यात मेलेल्यांची नावे असती.

आणखी एक गोष्ट आम्हांला टोचते. त्या पंधरा-सोळा मिनिटांत, आणि त्यानंतरच्या पाऊण तासापर्यंतच्या वेळात, तो तरुण रक्ताच्या थारोळ्यात पडून होता. समजा, तो तेथेच मेला असता. सैनिकांनी जे केले ते तंतोतंत तसेच केले असते, तरी जनरल पदक घेऊन आले असते काय? बहुधा आले नसते. लोक म्हणाले असते, घाबरले आणि उशीर केला. म्हणजे शौर्य तेच, पण त्याला नाव कोणते मिळणार हे एका जखमी शरीराच्या चिवटपणावर आणि सुवोनच्या एका शल्यचिकित्सकाच्या हातावर अवलंबून. पदक माणसाच्या धैर्यावर लागते असे आपण समजतो. अर्धे तरी ते निकालावर लागते. आपल्या घरातही असेच चालते. मुलगा परीक्षेत पास झाला की त्याने कष्ट केले, नापास झाला की उनाडक्या केल्या.

या रेषेशी आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा जुळलेला आहे, तो पुष्कळांना ठाऊक नाही. युद्ध थांबल्यावर हजारो युद्धकैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांची राखण करायला भारताने १९५३ साली पानमुनजोमजवळच्या त्याच निर्लष्करी पट्ट्यात आपली फौज पाठवली. तिचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले मराठी सेनानी. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आपल्या कुंपणात ओढून ओलीस धरले. बाहेर भारतीय सैनिक बंदुका रोखून उभे होते. एक हुकूम पुरला असता. थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावात गेले, त्यांच्याशी बोलत राहिले आणि गोळी न झाडता ग्रेवालना घेऊन बाहेर आले. त्यांना अशोकचक्र वर्ग दोन देण्यात आले, ज्याला आज आपण कीर्तिचक्र म्हणतो. तरी हेही सांगायला हवे की त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसऱ्या कुंपणांत भारतीय पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. एकाच फौजेच्या वाट्याला एका आठवड्यात दोन्ही आले.

परक्या पदकाची उलट बाजूही कोरियाने पाहिली आहे. फादर एमिल कपाऊन हे अमेरिकी सैन्यातले कॅथलिक धर्मगुरू. नोव्हेंबर १९५० मध्ये उन्सान येथे माघारीचा हुकूम असताना ते जखमींजवळ थांबले आणि कैद झाले. खड्ड्यात पडलेल्या एका जखमी अमेरिकी सार्जंटवर शत्रूचा सैनिक बंदूक रोखून उभा होता. फादरांनी चालत जाऊन ती बंदूक हाताने बाजूला सारली आणि त्या सार्जंटला पाठीवर घेतले. १९५१ च्या मे महिन्यात कैद्यांच्या छावणीत त्यांचे निधन झाले. अमेरिकेने त्यांना सर्वोच्च सन्मानपदक दिले ते २०१३ साली, आणि दक्षिण कोरियाने आपले सर्वोच्च लष्करी पदक दिले २०२१ साली, मृत्यूनंतर ७० वर्षांनी. २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना आदरणीय म्हणून मान्यता दिली. आमच्या मनात मात्र पदकांपेक्षा त्या शत्रुसैनिकाचा विचार येतो. त्याच्या हातात बंदूक होती, बोट ट्रिगरवर होते. एक निःशस्त्र माणूस बंदूक बाजूला सारतो आणि तो सारू देतो. त्यालाही झाडता आली असती. ती त्याने झाडली नाही.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आम्ही पुढच्या सभेत हे सगळे सांगितले. तो काही लगेच पटवून घेणारा मुलगा नाही, आणि ते बरेच आहे. तो म्हणाला, "म्हणजे सर, उत्तरेचे जे गोळ्या झाडत होते ते भित्रे आणि हे शूर, असे ना?"

यावर मात्र आमच्याजवळ उत्तर होते, आणि ते आमचे नव्हे. बरा झाल्यावर त्या पळून आलेल्या तरुणाने मुलाखती दिल्या. आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्यांचा आपल्याला राग नाही, असे त्याने त्यांत सांगितले. त्यांनी झाडल्या नसत्या तर त्यांना जबर शिक्षा झाली असती आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही झाडल्या असत्या, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. पाच गोळ्या अंगात घेतलेला माणूस हे बोलतो. एकाच बराकीत जेवलेली ती माणसे. त्याला ठाऊक होते की रेषेच्या त्या बाजूला न झाडलेल्या गोळीची किंमत काय असते. रेषेच्या या बाजूला ती किंमत वर्तमानपत्रातली टीका होती, आणि नंतर एक पदक.

हे ऐकून मुले गप्प झाली. एक मुलगी म्हणाली, "मग शूर व्हायला चांगल्या बाजूला जन्म घ्यायला हवा काय?" सभा पुन्हा उत्तराशिवाय संपली. आम्हांला वाटते, तिचे म्हणणे अर्धे खरे आहे. दक्षिणेच्या त्या सैनिकांना थांबण्याची मोकळीक होती, म्हणून त्यांच्या थांबण्याला अर्थ आला. पण मोकळीक होती तरी सरपटत जाण्याची सक्ती नव्हती. मृत्यूच्या टप्प्यात पोटावर जाणे हे जन्माने मिळत नाही. आणि ज्याच्यासाठी गेले तो त्यांच्या अंगावरच्या गणवेशाचा नव्हता. दक्षिणेचे संविधान साऱ्या द्वीपकल्पाला आपलाच प्रदेश मानते, म्हणजे कायद्याने तो परका नव्हताच. पण भिंतीकडे सरपटताना कोण संविधानाचे कलम आठवतो? त्यांना दिसत होता तो शत्रूचा गणवेश, आणि त्याच्या आत श्वास घेणारे कुणीतरी.

पुढे २०१८ च्या सप्टेंबरमध्ये दोन्ही कोरियांनी लष्करी करार केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पानमुनजोमच्या त्या क्षेत्रातून बंदुका काढून घेतल्या गेल्या. काही वर्षे तेथले पहारेकरी निःशस्त्र उभे राहिले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तरेने तो करार झुगारला, तिचे सैनिक पुन्हा पिस्तुले लावून आले आणि मग दक्षिणेनेही शस्त्रे परत घेतली. बुटक्या भिंतीपाशी पुन्हा दोन्हीकडे भरलेल्या बंदुका आल्या.

मुलांच्या आग्रहावरून आम्ही दुसरी चित्रफीतही पाहिली, पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांनी दिवसाउजेडी टिपलेली. ती पुन्हा लावायला सांगितली ती त्याच मागच्या बाकावरच्या मुलाने. त्याला तिघा दक्षिणेच्या सैनिकांना पाहायचे नव्हते. त्याला पाहायचा होता तो उत्तरेचा पाठलाग करणारा सैनिक, हातात बंदूक असलेला, पुढचा माणूस हातातून निसटलेला. धावत्या वेगात तो रेषेच्या पलीकडे काही पावले येतो. थबकतो. पायांखाली पाहावे तसा क्षणभर उभा राहतो, मग वळतो आणि धावत परत जातो.